धोंड्याचं वाण, आरपीएमचा काटा

१२ एप्रिल २०२६, रविवार. सिंदी मेघे.

आजपर्यंत या दोन हातांनी तयार केलेल्या वस्तू: कूलर एक (पाणी खोलीतही उडतं, त्यामुळे गारवा दुप्पट). दारावरची बेल एक (शेजारी घनश्यामकडे मिक्सर लागला तरी वाजते. संवेदनशील आहे). इन्व्हर्टर एक, लाइट असताना उत्तम चालतो. आमच्या मिक्सरचा रेग्युलेटर, जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरपासून. आता स्पीड एकच आहे, पण तो सगळ्यात वरचा. सासूबाईंच्या देव्हाऱ्यातली लाइटिंग. तिचा एकदाच शॉक बसला. देवाला नाही, सासूबाईंना.

हे सगळं न शिकता. आयटीआयचं फाटक आतून पाहिलेलं नाही. ऑफिसात आस्थापना शाखा सांभाळतो ती पोटासाठी.

आजची मुख्य नोंद. सासूबाईंचा नाचणगावहून फोन. १७ मेपासून धोंड्याचा महिना लागतो. ३१ तारखेला जावयाला धोंडे-जेवण. यंदा वाण म्हणून चांदीचं भांडं नाही, अप्पांची (म्हणजे माझ्या सासऱ्यांची) हेरल्ड गाडीच जवाईबापूंच्या नावानं करून देते म्हणाल्या. अट एकच: गाडी आपल्या पायानं दारात आली पाह्यजे. धक्क्यानं नाई, टोचनानं नाई. नाई आली तं मंग माधव म्हणते त्याले देऊन टाकाची.

माधव म्हणजे माझा साळा. नागपूरला असतो. त्याने हायवेवरचा एक रिसॉर्टवाला गाठलाय. तो म्हणे हेरल्ड गेटवर उभी करणार, बॉनेट उघडून आत शेवंतीच्या कुंड्या ठेवणार. हे ऐकल्यापासून माझी बायको पद्मा धड जेवलेली नाही.

चिंतेचं कारण नाही. गाडी सहासष्टची, पण अप्पा गेल्यापासून सहा वर्षं माझ्या शेडमध्ये, माझ्या देखरेखीत आहे. दुसऱ्या सेल्फला चालू होते. दर रविवारी कॉलनीला चक्कर मारतो. पद्मा म्हणाली, चालून राह्यली तर आजच नेऊन उभी करा ना आईच्या दारात, एकतीस तारखेची वाट कशाला पाहता. बायकांना डिटेलची कदर नसते. डॅशबोर्डवर स्पीडोमीटरच्या शेजारी एक गोल भोक आहे, अप्पांनी त्यावर बिस्किटाच्या डब्याचं झाकण ठोकलंय. तिथे टॅकोमीटर होता, हे उघड आहे. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा काटा. काट्याशिवाय हेरल्ड म्हणजे कुंकवाशिवाय... असो.

संकल्प: ३१ मेला गाडी दारात शिरेल तेव्हा तो काटा हलत असेल.

१९ एप्रिल, रविवार.

नागपूरच्या भंगार बाजारातून टॅकोमीटर आणला. ओरिजिनल. काळी डायल, शून्य ते आठ हजार. विकणारा म्हणाला विमानाचा आहे. मी हसलो. मला कोण फसवणार? विमानाचा असता तर त्याने जास्त मागितले असते.

काटा तीन हजारावर अडकलेला आहे. तेवढं सोडलं तर निर्दोष.

पद्माला सांगितलेली किंमत निराळी आहे. इथे लिहायची गरज नाही.

२० एप्रिल, सोमवार.

काल संध्याकाळी कंपाउंडवरून घनश्यामला सांगितलं की काटा आणला. घनश्याम वीज कंपनीतून रिटायर झालेला, बिलिंग विभाग. म्हणजे विजेतला जाणकार. पण त्याने कॉलनीत बातमी नीट दिली नाही. आज सकाळी त्याची बायको लोणच्याच्या कैऱ्या घेऊन दारात. म्हणे भाऊजी, काटा आणला ना तुमी, येवढ्या तोलून द्या, तो ठेलेवाला मारते काट्यात. तिच्यामागे आणखी दोघी, पिशव्यांसकट. मी आरपीएम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मंग यात किलो कोनच्या बाजूनं दिसते?

२६ एप्रिल, रविवार.

काटा मोकळा केला. जेवणाच्या चमच्याने हलकासा टोला. काटा तीन हजारावरून सुटला आणि तळाशी पडला. निखळला नाही, पडला. पुन्हा चिकटवला. डायलवरचे आकडे पुसट होते म्हणून पांढऱ्या एनॅमलने स्वतः रंगवले. एका केसाचा ब्रश. श्वास रोखून. काम इतकं सुबक की फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. माधवने उत्तर दिलं की भाऊजी, चार हजारानंतर सहा हजार, आणि मग पुन्हा सहा हजार आहेत.

पाच थोडा सहासारखा झालाय. इंजिनाला वाचता येत नाही. दुर्लक्ष.

१ मे, शुक्रवार. महाराष्ट्र दिन, सुट्टी.

काटा भोकात बसवला. भोक मोठं निघालं. सायकलच्या ट्यूबचं रबर भोवती गुंडाळलं, अगदी फॅक्टरीत बसवल्यासारखा दिसतो. डॅशबोर्डचे सगळे स्क्रू काढून पुन्हा असे आवळले की प्रत्येकाची खाच उभी. एकही तिरपी नाही. असं काम आता होत नाही. पद्माला दाखवायला बोलावलं. ती म्हणाली छान, आणि गाडी चालू करून पाहिली का?

वायरिंग व्हायचंय. घाई नाही, अख्खा महिना आहे.

३ मे, रविवार.

मोठा शोध. मला स्वतःलाच अंगावर काटा आला.

वायर ओढायला बॅटरीकडे गेलो तर काय, बॅटरीचा प्लस थेट गाडीच्या बॉडीला जोडलेला, आणि मायनस आतल्या वायरिंगला! सगळ्या जगात मायनस बॉडीला असतो. म्हणजे साठ वर्षं ही गाडी उलटी चालली. अप्पा शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यांना कसं कळणार. पण त्यांच्या मेकॅनिकांना? एकालाही?

घनश्यामला बोलावलं. त्याने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, भाऊ, येच तो गडबड है. पंचवीस वर्षं मी विजेत काढली, प्लस जमिनीत जाऊन राह्यला म्हंजे घरची वीज शेजाऱ्याले देनं झालं.

दोघांनी मिळून बॅटरी उलटी, म्हणजे सुलटी केली. किल्ली फिरवली. इंजिन बंद असतानाच काटा झपकन आठ हजारावर! घनश्यामने टाळी दिली. काटा जिवंत आहे.

थोडा जळका वास आला. जुन्या गाड्यांना असतो.

४ मे, सोमवार.

घनश्याम कंपाउंडपाशी उभा होता, पण आज नजर देत नव्हता. शेवटी म्हणाला, रात्री यूट्यूबवर पाह्यलं भाऊ, जुन्या इंग्लिश गाड्याईत प्लस बॉडीलेच राहाचा म्हणे. यूट्यूबवर कोणीही काहीही टाकतं. तरी त्याचं मन राखायला बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी केली. मग विचार केला की विजेला अशी दिशा सारखी बदलली तर गोंधळ होईल. पुन्हा सुलटी केली.

चार्जिंगचा लाल दिवा आता सतत लागलेला असतो. गाडी चालवताना डोळ्यात येतो. काळी टेप लावली. प्रश्न मिटला.

१० मे, रविवार.

लाल दिव्यामागे काही अर्थ असावा. बॅटरी चार्ज होत नाही. काळजी नाही, घरचा चार्जर आहे (मी बनवलेला नाही, विकतचा, त्यामुळे थोडा साशंक आहे).

सासूबाईंचा फोन. पद्माशी धोंड्याच्या पुरणाबद्दल बोलल्या आणि मग मला घेतलं. म्हणाल्या, जवाईबापू, गाडी कशी हाय? मी काट्याची प्रगती सांगितली. त्या म्हणाल्या, मी काट्याचं नाई इचारलं, गाडीचं इचारलं. मी म्हटलं, एकच आहे.  मग म्हणाल्या, माधव रोज फोन करून राह्यला, तो रिसॉर्टवाला घाई करते. मी त्याले म्हटलं एकतीस तारखेलोक थांब. पन त्याच्यापुढं मी बी थांबणार नाई.

१७ मे, रविवार. अधिक मास लागला.

आज परिस्थिती तांत्रिकदृष्ट्या स्पष्ट झाली. नीट लिहून ठेवतो.

इंजिनाला ठिणगीसाठी जाणारी वायर काट्यातून जाते. वायर काट्याला जोडली की इंजिन चालू होत नाही. वायर काट्याला न जोडता थेट जोडली की इंजिन चालू होतं, पण काटा हलत नाही. म्हणजे दोघांपैकी एकच चालतं.

पद्माला हे सांगितलं. ती म्हणाली, मग इंजिन चालू द्या. मी म्हटलं, इंजिन चालतं पण किती चालतं हे कळत नसेल, तर त्याला चालणं म्हणता येत नाही. ती म्हणाली, आणि बंद इंजिनाचा काटा काय दाखवते? मी पाहिलं. शून्य. अगदी बरोबर शून्य. अचूकता वाढली आहे.

संकल्प: दोन्ही चालवीन.

२२ मे, शुक्रवार.

ऑफिसातून आलो तर पद्मा शेडमध्ये गाडीत बसलेली. ड्रायव्हरच्या सीटवर. दोन्ही हात स्टेअरिंगवर, डोळे मिटलेले. मी म्हटलं, काट्याच्या काचेला बोटं लागू देऊ नकोस. ती म्हणाली, अप्पांनी मला इथेच बसवून गाडी शिकवली होती, पुलगावच्या मैदानावर. आजी ओरडायची, मुलीच्या जातीला गाडी कशाला पाहिजे. अप्पा म्हणायचे, आई, व्याकरण शिकवलं तसंच हे. क्लच आधी, मग क्रियापद. हे सांगताना तिला हसू आलं आणि मग दुसरंच काही आलं. म्हणाली, त्यात शेवंती लावणार आहेत हो.

मी तिला धीर दिला आणि इग्निशन सर्किट पूर्ण समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच विचारलं, म्हणजे या दोन वायरी एकमेकींना पिळल्या की इंजिन चालतं, एवढंच ना? मी म्हटलं, ढोबळमानाने हो, पण ते तंत्र नव्हे.

तिला विषयात रस निर्माण होतोय. चांगली गोष्ट आहे.

२५ मे, सोमवार. नवतपा सुरू.

उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, पारा सत्तेचाळीस. सुट्टी टाकली. डॅशबोर्डखाली उताणा पडून दुपारभर काट्याच्या आतली तार सोल्डर केली. सोल्डर लावण्याआधीच वितळत होतं. कूलर शेडमध्ये आणला होता. त्याचं पाणी वायरिंगवर उडालं, म्हणून तो परत नेला. त्यातून सौम्य करंट येतो हे आज प्रथम जाणवलं. थकवा जातो.

माझ्या मते उद्यापर्यंत पूर्ण.

२७ मे, बुधवार.

पूर्ण झालं नाही.

सासूबाईंचा फोन. मी सहज विचारलं, अप्पांच्या वेळचा मूळ काटा काय झाला? त्या म्हणाल्या, कोनचा काटा? मी भोकाची खूण सांगितली. तर त्या खूप हसल्या. म्हणाल्या, ते भोक त्यायनंच कापलतं. शाळेत उशीर होते म्हणून अलारामचं घड्याळ बसवलं होतं तिथं. पन रस्त्यात गाडी उसळली का मंधातच वाजाचं, एकदा मयताच्या मागं चालून राह्यले होते तवा वाजलं. मंग काढून फेकलं न झाकण ठोकलं.

म्हणजे गाडीत टॅकोमीटर कधी नव्हता, असा त्यांचा समज आहे. पण विचार केला तर घड्याळ हाही काटाच. परंपरा तीच आहे, मी ती पुढे नेतो आहे.

पद्माने विचारलं, आता तरी काढता का तो?  कलेच्या बाबतीत मी वाद घालत नाही.

३० मे, शनिवार.

बॅटरी चार्ज. टायरात हवा. बॉडीला मेण. स्क्रूच्या खाचा पुन्हा तपासल्या, एक तिरपी झाली होती, सरळ केली. काट्याची आतली तार जोडली आहे. आज एकदा अर्धा क्षण इंजिनही चालू होतं आणि काटाही हलला. मी पाहिलं. घनश्याम म्हणाला, त्याने नाही पाहिलं. तो त्या वेळी मान वळवून शिंकत होता.

उद्याचा प्लॅन: वायर थेट जोडून निघायचं, इंजिन चालू. रस्त्यात कोणी काटा पाहत नाही. नाचणगावच्या वेशीवर थांबून वायर काट्याला जोडायची, मग दारात. दोन्ही चालतील. प्लॅनमध्ये खोट नाही.

३१ मे, रविवार. नाचणगाव.

सकाळी निघालो. हेरल्ड राणीसारखी चालली. खिडकीतून लू येत होती, तरी पद्मा सारखी हसत होती. देवळीपुढे एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून सलाम केला. मी उजव्या हाताने स्वीकारला.

नाचणगावच्या वेशीला पानठेला आहे. तिथून सासूबाईंचं दार दिसतं. दारात रांगोळी. सासूबाई ओसरीवर. माधवही आलेला, शेजारी एक काळा गॉगलवाला. तो रिसॉर्टवाला असावा, कारण तो गाडीकडे माळ्याच्या नजरेने पाहत होता.

मी गाडी थांबवली. पद्मा म्हणाली, अहो, चालू आहे, जाऊ द्या तशीच. दार समोर आहे. मी म्हटलं, एक मिनिट. ती म्हणाली, तुमच्या पाया पडते. मी इंजिन बंद केलं आणि वायर काट्याला जोडली.

किल्ली. काही नाही. पुन्हा. काही नाही. काटा शून्यावर, म्हणजे त्याचं काम तो चोख करत होता. पुन्हा, पुन्हा, आणि बॅटरी बसली. बॉनेट उघडलं. पानठेल्यावरचे चौघं गोळा झाले. एक म्हणाला, भाऊ, लाइट गेली काय? दुसरा म्हणाला, मीटर चढलं असंल. तिसऱ्याने खर्रा तोंडात सरकवून विचारलं, गाडी हाय का शोकेस? मी त्यांना सर्किट समजावत होतो. तिकडून माधव ओरडून विचारत होता, भाऊजी, टोचन पाठवू का?  ओसरीवर सासूबाईंनी पदर खांद्यावरून नुसता पुढे ओढला.

यानंतरचं घडलं ते लिहितो, कारण रोजनिशीत खोटं लिहू नये.

पद्मा माझ्या बाजूने आली. मला म्हणाली, उतरा. आवाज अप्पांसारखा होता. मी उतरलो. ती बसली, डॅशबोर्डखाली हात घातला, काट्याच्या दोन्ही वायरी उपटल्या आणि एकमेकींना पिळल्या. टेपसुद्धा लावली नाही. मग पानठेल्यावाल्यांना म्हणाली, दादा, जरा ढकला ना, फक्त सुरू होईपर्यंत. त्यांनी ढकललं. तिने दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला. हेरल्ड दोन हिसके देऊन गरजली आणि ती एकटी, सरळ, तशीच दारापर्यंत. ब्रेक. रांगोळीच्या कडेलाच. एक ठिपका मोडला नाही.

माधव म्हणाला, आई, धक्का दिला हिने. सासूबाई म्हणाल्या, धक्का वेशीत देला, दारात तं आपल्या पायानं आली. तुह्या बापाची बी थंडीत अशीच याची. मग रिसॉर्टवाल्याला म्हणाल्या, दादा, जेवून जाजा, कुंड्या दुसरीकडं पाहा. मग पद्माला जवळ घेतलं. मग दोघी गाडीत बसल्या आणि गावाला एक चक्कर मारायला निघाल्या. मला वाटतं त्यांना वाटलं मी येतोय.

मी वेशीवरून चालत आलो. ऊन फार होतं.

१ जून, सोमवार. परत सिंदी मेघे.

एसटीने आलो. पद्मा आणि गाडी बुधवारपर्यंत तिकडेच. काटा मांडीवर घेऊन आलो, तिने काढून दिला. भोकावर आता पुन्हा झाकण आहे.

जेवण उत्तम होतं. धोंडे, वर तूप. मी पाच खाल्ले. गाडीबद्दल अद्याप कुणाशी वाद घातलेला नाही. नियमाने वाण जावयाचं असतं, हे मी फक्त सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, नेम मी केला न नेम मीच मोडला, गाडी पद्माच्या नावानं होईल. आणली तिनं.

निघताना त्यांनी मला ओसरीवर थांबवलं. पुढे तबक: कोरं धोतर, सुपारी आणि एक पाकीट. म्हणाल्या, धोंड्याला जवाई रिकाम्या हातानं गेला तं मले पाप लागंल. हे ठेवा. पन एक सांगतो, रागवू नका. यानंतर त्या गाडीले हात लावाचा नाई. माह्या देव्हाऱ्याले बी नाई. तेवढं देवापुढं कबूल करा न पाकीट घ्या.

मी उभा राहिलो. म्हटलं, आई, तुम्ही मोठ्या आहात, पण या हातांची किंमत कोणी ठरवू शकत नाही. धोतर घेतलं, पाकीट परत तबकात ठेवलं आणि फाटकाबाहेर पडलो. फाटकाचं बिजागर करकरत होतं. मागे वळून सांगणार होतो, पण सासूबाईंनी कडी लावली.

फाटकाआडून पद्माने विचारलं की पाकिटात किती होते ते तरी पाहिलं का.

पाहिलं होतं. अधिक मासाचा हिशोब म्हणून सगळा तेहेतीसचाच आकडा. तेहेतीस हजार तीनशे तेहेतीस रुपये.